यंदाचा प्रोजेक्ट गल्लीतल्या मागावर करा

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भिवंडीच्या मुलामुलींनो, हे आवाहन तुम्हाला आहे. थोडे तुमच्या आईवडिलांना आणि कारखान्याच्या सेठलोकांनाही आहे, पण त्यांच्याकडे नंतर येतो.

सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली की काय होते ते आपण सगळे जाणतो. चौघांचा गट जमतो. आधी सीनियरची ब्लॅक बुक शोधली जाते. ती नाही मिळाली तर तयार प्रोजेक्ट बनवून देणाऱ्याचा नंबर शोधला जातो. विषयही वर्षानुवर्षे तेच: सोलरवर चालणारे गवत कापायचे यंत्र, हवेच्या दाबावर पुढे येणारा बंपर, पायाखाली दाबून वीज करणारी फळी, सायकलवर बसून चालवायचे वॉशिंग मशीन. भिवंडीत गवत कापायला लॉन कुणाकडे आहे, हा प्रश्न एक्स्टर्नलही विचारत नाहीत. वायवा होतो, मार्क मिळतात आणि ते यंत्र कॉलेजच्या जिन्याखाली मागच्या वर्षीच्या बंपरशेजारी जाऊन पडते. ज्याने पैसे मोजले त्याला त्यातला एक बोल्टही का तेवढ्याच जाडीचा आहे ते सांगता येत नाही.

आणि हे घडते कुठे? जिथे शांतीनगरपासून नारपोलीपर्यंत आणि कल्याण रोडपासून कामतघरपर्यंत रात्री उशीला कान लावला तरी यंत्र ऐकू येते, त्या गावात. देशातल्या यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक आपली. तुमच्यातल्या अनेकांचे आजोबा, वडील, मामा माग चालवून, कांड्या भरून, भीम वाहून जगले. तरी चालू बॅचमधल्या किती जणांनी मागाची मोटर बंद करून, चाक हाताने फिरवून, कुठला भाग कुणाला ढकलतो ते पाहिले आहे? फार थोड्यांनी, असा माझा अंदाज आहे.

म्हणून सांगणे एवढेच: यंदाचा प्रोजेक्ट विकत घेऊ नका आणि नेटवरून उतरवूही नका. तुमच्या गल्लीत जो साधा, धोट्याचा माग खडखडतो आहे, त्याच्यातली एक अडचण घ्या आणि तेवढीच सोडवा.

आधी माग नीट बघू. कायनेमॅटिक्सच्या पेपरात जे जे येते ते सगळे या एका सांगाड्यात बसवलेले असते. वर क्रँकशाफ्ट. त्याच्या कनेक्टिंग आर्मने फणीची लाकडी चौकट, म्हणजे कारखान्यातली स्ले, पुढेमागे होते. हा सरळसरळ चार कड्यांचा जोड. खाली दुसरा शाफ्ट, तो निम्म्या वेगाने फिरतो, कारण साध्या विणीत ताण्याचे, म्हणजे उभे धागे एका फेऱ्याला वर तर दुसऱ्याला खाली जायचे असतात. म्हणून दोन दातेरी चाकांचे प्रमाण एकास दोन. त्या खालच्या शाफ्टवर टॅपेट, म्हणजे कॅम. कापड गुंडाळून घेणाऱ्या भागात रॅचेट आणि पॉल, मोटरकडे क्लच आणि ब्रेक. वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेल्या रंगीत तक्त्यात जे मेलेले असते ते इथे जिवंत आहे.

आता धोट्याचा हिशेब करू, कारण माझ्या मते मागाची सगळी गंमत आणि सगळे दुखणे त्यात आहे. समजा माग मिनिटाला १४० बाणे, म्हणजे आडवे धागे, टाकतो. म्हणजे क्रँकचा एक फेरा सुमारे ०.४३ सेकंदाचा. धोट्याला एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जायला त्या फेऱ्यातले साधारण १३० अंश मिळतात, म्हणजे सेकंदाचा सुमारे साडेसहावा भाग. अंतर १.७ मीटर धरा. वेग आला सेकंदाला ११ मीटर, ताशी ४० किलोमीटर. कांडीसकट धोट्याचे वजन ४०० ग्रॅम धरले तर त्याच्यात २४ ज्यूल भरावे लागतात, तेही पिकिंग स्टिकच्या वीसेक सेंटिमीटरच्या झटक्यात. प्रवेग काढून बघा, गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट निघतो. आणि पलीकडच्या पेटीत हा धोटा पोचला की त्याच्यातले सगळेच्या सगळे २४ ज्यूल थांबवण्यात जिरवायचे. मिनिटाला १४० वेळा. म्हणजे ५६ वॅट निव्वळ आवाज, उष्णता आणि धोट्याला ढकलणाऱ्या पिकरची झीज यांत. एक हॉर्सपॉवरच्या मोटरमधला हा साडेसात टक्के वाटा झाला, आणि स्टिक, पट्टा, कॅम यांत वाया जाते ते वेगळे.

हे आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या गल्लीतल्या मागाचे वेगळे असतील. ते मोजणे हाच तुमच्या ब्लॅक बुकचा पहिला धडा. मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ, मीटरपट्टी, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणि क्रँकवर खडूने मारलेली खूण, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

असा हिशेब एकदा हातात आला की विषय आपोआप दिसू लागतात. पेटीत धोटा हळू, कमी आदळत कसा थांबवता येईल? पिकर इतक्या लवकर का फाटतो, आणि स्टिकचा कोन किंचित बदलला तर त्याचे आयुष्य वाढेल का? धोटा उडून बाहेर आला तर तो माणसाच्या तोंडावर येतो. त्याला अडवणारी पण कामगाराला धागा जोडताना आड न येणारी जाळी कशी करायची? बऱ्याच ठिकाणी जाळी असते आणि काढून ठेवलेली असते, कारण ती हात घालू देत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या २१ व्या कलमाने फिरत्या भागांना आडोसा हवा असे सांगितले होते, पण कामगाराला जड जाणारा आडोसा कुठल्याही कलमाने टिकत नाही. तो टिकेल असा बनवणे हे डिझाइनरचे काम, इन्स्पेक्टरचे नव्हे.

आवाज हाही असाच. आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आपल्याकडे कारखान्यांना आहे. १०० डेसिबलला ती दोन तासांवर येते. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभराच्या आसपास सहज जातो आणि पाळी बारा तासांची. मागाच्या पायाखाली रबराचे पॅड घालून किती फरक पडतो, पिकरच्या धडकेतला किती आवाज कमी होतो, हे कॉलेजचा साउंड मीटर घेऊन शेडमध्ये मोजा. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका, एक्स्टर्नल तिथेच पकडतील आणि त्यांचे बरोबर असेल.

सगळ्यांत सुपीक विषय मात्र धागा तुटण्याचा. ताण्यातला एक धागा तुटला आणि माग चालत राहिला तर कापडात रेघ पडते. बाण्याचा धागा संपला आणि लक्षात आले नाही तर फट. एका कामगाराकडे सहा-आठ माग असतात, डोळे दोनच. कापडात दोष निघाला की व्यापारी भाव कापतो आणि तो शेवटी मजुरीत उतरतो. उपाय जुना आहे. प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्र्याची पट्टी टांगायची. धागा तुटला की पट्टी खाली पडते, सर्किट जोडले जाते, माग थांबतो. बाण्यासाठी छोटा काटा असतो. धागा नसेल तर तो अडत नाही आणि माग बंद पडतो. आपल्याकडच्या साध्या मागांवर पट्ट्यांची यंत्रणा सहसा नसते आणि काटा असला तरी कधीचा झिजून बांधून ठेवलेला.

जपानच्या साकिची टोयोडा यांचे नाव गाडीमुळे सगळ्यांना माहीत आहे. ते सुताराचा मुलगा. १८६७ चा जन्म. पहिला लाकडी हातमाग सुधारला तो १८९० च्या सुमारास, १८९६ मध्ये यंत्रमाग केला, आणि त्यातच बाणा तुटला की माग आपोआप थांबण्याची सोय होती. पुढे १९२४ मध्ये त्यांचा आणि मुलगा किइचिरो यांचा टाइप जी माग आला. तो न थांबता धोटा बदलायचा आणि धागा तुटला की स्वतः उभा राहायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी त्याचे हक्क विकत घेतले आणि त्या पैशाचा आधार घेऊन टोयोटाच्या मोटारीचे काम सुरू झाले. म्हणजे ज्या कंपनीच्या कारखान्याची पद्धत तुम्हाला इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगमध्ये शिकवतात, तिचे मूळ धागा तुटल्यावर थांबणाऱ्या मागात आहे. दोष दिसला की यंत्राने थांबावे, हे तत्त्व परीक्षेत पाच मार्कांना लिहिणारा मुलगा ज्या गल्लीतून परीक्षेला येतो तिथे ते तत्त्व शंभर वर्षांनीही पोचलेले नाही. मला हे मजेशीर वाटते आणि थोडी चीडही येते.

फार लांब जायचे नसेल तर तेलंगणातल्या चिंतकिंदी मल्लेशम यांच्याकडे पाहा. पोचमपल्ली साडीसाठी रंगवण्याआधी धागा खुंट्यांभोवती गुंडाळावा लागतो, त्याला आसू म्हणतात. एका साडीमागे हात हजारो वेळा पुढेमागे न्यावा लागतो. त्यांच्या आईचा, लक्ष्मी यांचा, खांदा त्याने कायमचा दुखायचा. मल्लेशम यांची शाळा लहानपणीच सुटलेली. इंजिनीअरिंगचा एकही पेपर न देता, भाग एकेक जमवत, लोकांचे टोमणे खात त्यांनी १९९९ मध्ये यंत्र पुरे केले आणि त्याला आईचे नाव दिले. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे चौघांचा गट आहे, लेथ आहे, सॉलिडवर्क्स आहे, गाइड आहे.

आणि घरचे उदाहरण हवे तर लक्ष्मणराव किर्लोस्कर आहेतच. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवणारा हा माणूस तिथली नोकरी सोडून बेळगावला सायकलच्या दुकानात रमला. कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत त्यांनी काय केले असेल याचा विचार तुम्ही करावा असे मला वाटते, कारण तुमचा नवा पिकर घेऊन पहिल्यांदा कारखान्यात जाल तेव्हा माग दुरुस्त करणारा जॉबरही तसाच तुमच्याकडे बघेल.

जॉबरचे नाव आलेच आहे तर ते सविस्तर सांगतो. मागाचा खरा इंजिनीअर तो. त्याला कायनेमॅटिक्स हा शब्द माहीत नसेल, पण धोटा पेटीत शिरतानाच्या आवाजावरून टायमिंग किती मागेपुढे आहे हे तो सांगतो. कुणी तेलुगू बोलेल, कुणी उर्दू, कुणी आजमगढची हिंदी. त्याच्याकडे वही काढून ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ विचारायला जाऊ नका. पहिले दोन-तीन वेळा नुसते उभे राहा, कांडी बदलायला हात द्या, चहा प्या. मग विचारा: चाचा, दिवसात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? उत्तर बहुतेक वेळा तुम्ही ठरवून गेलात त्यापेक्षा वेगळे असते. आणि त्याच्या म्हणण्यावरही आंधळा विश्वास नको. एका पाळीत माग किती वेळा थांबला, कशाने थांबला, किती मिनिटे थांबला, हे कागदावर रेघा मारून मोजा. जॉबरला दिवसातून एकदा होणारा मोठा बिघाड आठवतो. शंभर वेळा होणारा अर्ध्या मिनिटाचा खोळंबा कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि पैसा तिथेच जातो.

ड्रॉइंगची घाई करू नका. नवीन भाग काढण्याआधी असलेल्या भागाचे ड्रॉइंग काढा, व्हर्निअरने मापून, झिजेसकट. त्यात आठवडा गेला तर जाऊ द्या. नंतर एकच भाग बदला. चारपाच सुधारणा एकदम केल्या तर कशाने फरक पडला ते कुणालाच सांगता येणार नाही. भाग बनवायला भंगार बाजारात फिरा. तिथे मिळणारा जुना नायलॉनचा गोळा, बेअरिंग, स्प्रिंग यांनी तुमचा पहिला नमुना शंभर-दोनशे रुपयांत होतो. फायनाइट एलिमेंटचे रंगीत चित्र छापा हवे तर, पण आधी वहीत पेनाने बेंडिंगचा हिशेब करा. रंगीत चित्र लाल दिसले म्हणून भाग तुटत नाही आणि निळे दिसले म्हणून टिकत नाही. लोड कुठून घातला हे विचारल्यावर जो गप्प बसतो त्याचे चित्र खोटे.

सुरक्षेबद्दल मात्र कडक बोलतो. चालू मागात हात नाही. मेन स्विच बंद, पट्टा उतरवलेला, फ्यूज खिशात, मगच मोजमाप. ओढणी, सैल बाही, गळ्यातले लॉकेट घरी ठेवा. चालू मागाच्या बाजूला, धोट्याच्या रेषेत कधीही उभे राहू नका. गटात मुली असतील तर दिवसपाळीत जा आणि जोडीने जा. रात्रीची आकडेवारी हवी असेल तर ती जॉबरकडून कागदावर भरून घेता येते.

आता दोन आक्षेप, कारण ते तुमच्या घरी निघणारच.

पहिला: साधे माग आता भंगारात चाललेत, रॅपिअर आणि वॉटरजेट येतायत, मरणाऱ्या यंत्रावर वर्ष का घालवायचे? माग भंगारात जातात हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण अजून हजारो चालू आहेत आणि त्यांच्यावर घरे चालतात. सरकारलाही हे कळलेले आहे. १ एप्रिल २०१७ ला पॉवरटेक्स इंडिया ही योजना जाहीर झाली ती भिवंडीतच, आणि साध्या मागाला जागच्या जागी थांबण्याची यंत्रणा, चांगला ब्रेक, नायलॉनचे भाग बसवण्याला मदत हा तिचा एक भाग होता. शिवाय रॅपिअरच्या मागातही क्रँक, कॅम आणि ताणा आहेच. आणि यंत्रमागच हवा असा माझा हट्ट नाही. माणकोली, राहनाळ, काल्हेरच्या गोदामांत हमाल ट्रकमधून गोणी पाठीवर घेतात. ट्रकचा तळ आणि गोदामाचा ओटा यांच्या उंचीतला फरक भरून काढणारी स्वस्त फळी हाही प्रोजेक्ट आहे. ग्रामीण भागातल्या भातशेतीत आणि वीटभट्ट्यांवरही कामे पडून आहेत.

दुसरा: कंपनीवाले बाहाचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरवायच्या स्पर्धेचा अनुभव विचारतात, मागाचा नाही. बाहा चांगलीच स्पर्धा आहे. पिथमपूरच्या त्या ट्रॅकवर गाडी उतरवणारी पोरे वेल्डिंगपासून बजेटपर्यंत सगळे शिकतात. अनेक वर्षे तिथे सगळ्या संघांना एकाच प्रकारचे इंजिन दिले जायचे, म्हणून चढाओढ राहायची ती डिझाइनची. जमत असेल तर जरूर जा. पण तिला लाखोंचा खर्च, मोठे वर्कशॉप आणि प्रायोजक लागतात, आणि ते सगळ्या कॉलेजांना परवडत नाही. इंटरव्ह्यूत समोरचा माणूस शेवटी विचारतो ते हेच: हे तू केलेस का, आणि ही जाडी का घेतलीस? ‘पिकरवर २४ ज्यूल येतात, मी मोजले’ असे उत्तर देणारा मुलगा तिथे अडत नाही.

आईवडिलांना एकच विनंती. मुलगा ग्रीसने काळा होऊन घरी आला तर ‘यासाठी का इंजिनीअर केले?’ असे म्हणू नका. मुलगी असेल तर मुळीच म्हणू नका. काळा हात हा या विषयाचा अभ्यास आहे.

सेठ, आता तुमच्याकडे. तुम्हाला मुलांची भीती वाटते हे मला माहीत आहे. माग थांबेल, कापड कमी निघेल, कोण कुठला फोटो काढून नेईल, वीजमीटर बघेल. शंका रास्त आहेत. म्हणून मागणे छोटे ठेवतो. तुमच्या शेडमधला एकच माग, जो असाही वरचेवर बंद पडतो तो, आठवड्यातून अर्धा दिवस द्या. जॉबरला सांगा की पोरांना हाकलू नकोस. नवीन भाग बसवण्याआधी जुना भाग तुमच्या दिवाणजीकडे ठेवला जाईल, पटले नाही तर तासाभरात परत बसेल. मुलांकडून लिहून घ्या की हिशेबाचा कागद, मालाचा भाव आणि कामगारांचे फोटो ते घेणार नाहीत. एवढे करून पिकर एका महिन्याऐवजी दोन महिने चालला तर फायदा कुणाचा?

अडल्यास जायला जागा जवळ आहेत. भिवंडीत पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहे. वरळीला सस्मिरा आहे, १९५० पासून; घाटकोपरला बीट्रा, १९५४ पासून; माटुंग्याला व्हीजेटीआयचा टेक्स्टाइल विभाग. तिथल्या लोकांना मागाबद्दल प्रश्न घेऊन आलेला मेकॅनिकलचा विद्यार्थी क्वचितच दिसतो. गाइडकडून एक पत्र घ्या आणि प्रश्न लिहून न्या. ‘मागाबद्दल माहिती द्या’ असे म्हणालात तर माहितीपत्रक मिळेल. ‘या मापाच्या पेटीत धोटा थांबवताना चामडे बरे की पॉलियुरेथेन’ असे विचारलेत तर माणूस खुर्ची ओढून बसेल.

वायवा झाल्यावर भाग कॉलेजात आणू नका. मागावरच राहू द्या. त्याचे ड्रॉइंग एका कागदावर, मोठ्या अक्षरांत, हिंदीत आणि उर्दूत, मापांसकट काढून प्लास्टिकमध्ये घालून शेडच्या भिंतीवर चिकटवा. स्प्रिंग कुठल्या दुकानात मिळते, बेअरिंगचा नंबर काय, कोणत्या लेथवाल्याने भाग कातून दिला, तेही त्यावर लिहा. सहा महिन्यांनी तो भाग तुटेल तेव्हा तुम्ही नोकरीनिमित्त पुण्याला असाल आणि जॉबरला तो त्याच दिवशी बदलायचा असेल.